मातृभाषेचा रकाना कुठे आहे?

‘विद्यापीठे हा राज्याचा विषय आहे, दिल्लीकडे कसली दाद मागता?’ हे उत्तर सीमाभागातील मराठी माणसाला इतक्या वेळा देण्यात आले आहे की ते खरेच असावे, असा समज रूढ झाला आहे. बेळगावात ते ऐकू येते, तसेच इंदूर, बडोदे आणि हैदराबाद येथेही ऐकू येते. आमचे म्हणणे असे की हे उत्तर घटनेला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही. ज्या घरात फीचा हप्ता आणि महिन्याचा किराणा यांतून एकाचीच निवड करावी लागते, त्या घरच्या विद्यार्थ्याला ते देणे तर निष्ठुरपणाचे आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला, हे सर्वश्रुत आहे. परंतु उच्च शिक्षणाच्या दर्जाची निश्चिती आणि त्यातील समन्वय हे काम संघसूचीतील ६६ व्या नोंदीने घटनेच्या प्रारंभापासूनच केंद्राकडे सोपवलेले आहे. त्याच बळावर संसदेने १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा केला. आयोगाचा वार्षिक अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा, असे तो कायदा सांगतो. आयोगाचे हिशेब महालेखापरीक्षकांनी तपासावेत आणि तेही संसदेपुढे यावेत, असे सांगतो. आयोगाने केलेली विनियमने संसदेपुढे ठेवली गेलीच पाहिजेत, असेही सांगतो. १९८४ मध्ये त्या कायद्यात १२-अ हे कलम घालण्यात आले. पैशाच्या जोरावर कोणी प्रवेश मिळवू नये आणि त्यापायी अधिक गुणवान उमेदवार मागे पडू नये, यासाठी शुल्कावर नियंत्रण आणण्याचा आणि देणग्यांना मज्जाव करण्याचा अधिकार त्या कलमाने दिला. एवढे सारे ज्या संसदेने स्वतःच्या हाती ठेवले, तिच्याकडे दाद मागायची नाही तर कोणाकडे मागायची?

‘राज्याचा विषय’ ही सबब सोयीप्रमाणे काढली आणि मिटली जाते, याचे ताजे उदाहरण समोर आहे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कुलगुरूंच्या निवडीसंबंधी विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. निवड समिती कुलपतींनी नेमावी, तीत आयोगाच्या अध्यक्षांचा प्रतिनिधी असावा आणि राज्य शासनाचा प्रतिनिधी नसावा, असा त्याचा रोख होता. कर्नाटकासह अनेक राज्यांनी त्याला कडाडून विरोध केला. म्हणजे राज्याच्या विद्यापीठात कुलगुरू कोण बसणार, इथपर्यंत केंद्राचा हात पोहोचू शकतो. मात्र त्याच विद्यापीठात अल्पसंख्य भाषेची प्राध्यापकाची जागा रिकामी राहिली, किंवा त्या भाषेतून शिकलेल्या गरीब मुलाची शिष्यवृत्ती अडली, की तोच हात एकाएकी आखूड होतो. सत्ता हवी तेव्हा विषय समवर्ती आणि जबाबदारी आली की विषय राज्याचा, या न्यायाला आम्ही न्याय म्हणत नाही.

आता संसद आपले काम कसे करते तेही पाहू. अर्थसंकल्पी अधिवेशनात प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेपुढे येतात. त्यांपैकी मोजक्याच चर्चेला घेतल्या जातात आणि उरलेल्या शेवटच्या दिवशी एकत्रितपणे, चर्चेविना, मताला टाकल्या जातात. या प्रकाराला संसदीय भाषेत गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ या दोन वर्षी तर एकाही मंत्रालयाच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा झाली नाही. सगळा खर्च त्या यंत्राखालून एका फटक्यात गेला. त्यात शिक्षण मंत्रालयाचा खर्च होता, विद्यापीठ अनुदान आयोगाचा होता आणि शिष्यवृत्त्यांचाही होता. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा असे सुचवले होते आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा उच्चारला. पाच दशकांहून अधिक काळ एक आकडा उद्दिष्ट म्हणूनच मिरवत राहतो, याचे एक कारण हेही आहे की तो का गाठला नाही, याचा जाब वेळेवर विचारला जात नाही.

सभागृहात चर्चा झाली नाही तरी समित्या असतात, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि त्या समित्यांविषयी आम्हांला आदर आहे. १९९३ पासून खात्यांशी निगडित स्थायी समित्या काम करीत आहेत. शिक्षण खात्याची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत असून तीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. ती मंत्रालयाच्या सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारते, मागण्यांची छाननी करते, विधेयके तपासते आणि अनेकदा नागरिकांकडून निवेदनेही मागवते. तिच्या शिफारशी बंधनकारक नसल्या तरी त्यांवर काय केले, हे मंत्रालयाला लेखी सांगावे लागते. म्हणजे यंत्रणा उभी आहे. अडते कुठे? समिती विचारते ते कागदावर असलेल्या गोष्टींविषयी. जे कागदावर नाहीच, त्याविषयी समितीला प्रश्न पडत नाही आणि सचिवाला उत्तर द्यावे लागत नाही.

आमची मूळ तक्रार इथे आहे. देशातील उच्च शिक्षणाचे जे अखिल भारतीय सर्वेक्षण केंद्र सरकार दरवर्षी करते, त्यात विद्यार्थ्यांची गणना स्त्री-पुरुष, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग, मुस्लिम आणि अन्य अल्पसंख्याक अशा रकान्यांत होते. हे रकाने आवश्यकच आहेत. ते नसते तर कोणता समाज विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचला आणि कोणता वाटेत गळला, हे कधीच कळले नसते. पण त्या तक्त्यात मातृभाषेचा रकाना नाही आणि दहावी किंवा बारावी कोणत्या माध्यमातून झाली याचाही नाही. परिणामी खानापूर, निपाणी किंवा बिदर जिल्ह्यातील भालकी येथून मराठी माध्यमात शिकून निघालेली किती मुले पदवीला पोहोचली, हे संसदेला ठाऊक नाही. ते तिला कोणी सांगत नाही, कारण ते मोजलेच जात नाही. रकाना नाही म्हणून आकडा नाही. आकडा नाही म्हणून प्रश्न नाही आणि प्रश्न नाही म्हणून पैसा नाही.

आंधळेपणाने आखलेली योजना कोणाच्या वाट्याला काय देते, याचा एक नमुना पाहावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी केंद्राची एक गुणवत्ता-शिष्यवृत्ती आहे. तीत दरवर्षी देशभरात ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्या राज्यांना तरुणांच्या लोकसंख्येनुसार वाटल्या जातात आणि राज्य मंडळांच्या विद्यार्थ्यांत विज्ञान, वाणिज्य व कला यांच्यात ३:२:१ या प्रमाणात विभागल्या जातात. निम्म्या मुलींना मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कला शाखेच्या वाट्याला एक षष्ठांश येतो. खेड्यातील ज्या मुलीला जवळच्या महाविद्यालयात कला शाखेखेरीज दुसरी शाखा उपलब्ध नाही आणि जिची शालेय भाषा राज्याच्या राजभाषेहून वेगळी आहे, तिने या स्पर्धेत कुठे उभे राहावे? योजना आखणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी आकस होता, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या कागदावर ती नव्हती, एवढेच म्हणतो.

ती कागदावर का नव्हती, याचे उत्तर एका शब्दाच्या प्रवासात दडलेले आहे. तो शब्द ‘अल्पसंख्याक’. घटनेच्या ३० व्या अनुच्छेदात हा शब्द धर्म आणि भाषा या दोन्ही पायांवर उभा आहे. धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क तिथे दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरेल, असेही स्पष्ट केले. म्हणजे महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी भाषक कर्नाटकात, गुजरातमध्ये, मध्य प्रदेशात किंवा तेलंगणात निःसंशय अल्पसंख्याक आहे. पण संसदेने १९९२ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा केला, तेव्हा ‘केंद्र सरकार ज्यांना तसे अधिसूचित करील ते अल्पसंख्याक’ अशी व्याख्या केली आणि अधिसूचना निघाल्या त्या फक्त धार्मिक समुदायांच्या. २००४ मध्ये अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा झाला. त्यातही तीच व्याख्या आली. घटनेतील दोन पायांचा शब्द कायद्यात येताना एका पायावर आला. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या याच व्याख्येवर उभ्या आहेत. मराठी संस्थेने बेळगावात चालवलेल्या महाविद्यालयाला घटना अल्पसंख्याक म्हणते, पण त्या राष्ट्रीय आयोगाचे दार तिला बंद असते.

धार्मिक अल्पसंख्याकांना मिळालेले काही कमी करावे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. त्यांच्या वाट्यालाही कपातच आली आहे. संशोधक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. आमचे म्हणणे भाषेला तिचा घटनादत्त अर्धा वाटा परत देण्यापुरते आहे. हा वाटा विसरलेला नव्हता, याचा पुरावाही आहे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली २००४ मध्ये नेमलेल्या आयोगाच्या नावातच ‘धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याक’ हे शब्द होते. आयोगाने मे २००७ मध्ये अहवाल दिला आणि तो संसदेपुढे आला डिसेंबर २००९ मध्ये. अडीच वर्षे अहवाल मंत्रालयाच्या कपाटात राहिला. पुढे जी काही चर्चा झाली ती धर्म आणि आरक्षण यांभोवती फिरत राहिली. भाषेचे पान कोणी उलटून पाहिले नाही.

याहून जुना एक कागद आहे आणि तो आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होत असताना भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासंबंधी एक ज्ञापन केंद्र सरकारने संसदेपुढे ठेवले होते. अल्पसंख्य भाषेतून शिकवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची संलग्नता शक्यतो त्याच राज्यातील विद्यापीठाशी असावी, पण ते जमत नसेल तेव्हा अशा संस्थांना राज्याबाहेरील योग्य विद्यापीठाशी जोडणे सोयीचे ठरेल आणि ही तरतूद ३० व्या अनुच्छेदाच्या ओघानेच येते, असा त्या ज्ञापनाचा आशय होता. म्हणजे बेळगावातील महाविद्यालय कोल्हापूरच्या विद्यापीठाशी जोडता येईल, हा विचार आज कोणा आंदोलकाच्या डोक्यातून निघालेला नाही; तो भारत सरकारचा आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि बेळगावहून ते ११० किलोमीटरच्या आसपास आहे. पण पुढे काय झाले? विद्यापीठांचे अधिकारक्षेत्र त्यांच्या राज्याच्या सीमेपुरते, हे सूत्र घट्ट होत गेले. छत्तीसगडमधील खासगी विद्यापीठांच्या सुळसुळाटासंबंधी प्रा. यशपाल यांनी दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते अधोरेखित केले आणि आयोगानेही राज्याबाहेरील केंद्रांना मनाई केली. शिक्षणाची दुकाने थाटणाऱ्यांना आवर घालण्यासाठी हा नियम योग्यच होता. पण दुकानदारासाठी बांधलेली भिंत भाषिक अल्पसंख्याकाच्या वाटेतही आली. १९५६ चे आश्वासन डोळ्यांपुढे ठेवून त्या भिंतीत एक दार ठेवावे, असे संसदेतील कोणाला सुचले नाही.

घटनेतील दोन अनुच्छेद इथे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. ३५०-अ अनुच्छेद मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगतो, पण प्राथमिक टप्प्यापुरती. म्हणून आमच्या विरोधकांचा लाडका युक्तिवाद असा की घटनेचे कर्तव्य तिथेच संपते. त्याच्या पुढचा ३५०-ब अनुच्छेद मात्र ते टप्प्याचे कुंपण घालत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत असलेल्या सर्व संरक्षणांची चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देणारा एक विशेष अधिकारी तो नेमतो आणि ते अहवाल संसदेच्या प्रत्येक सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन घालतो. ‘सर्व संरक्षणे’ म्हटल्यावर २९ वा आणि ३० वा अनुच्छेद आलाच आणि ३० वा आला की महाविद्यालय आले. या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय बेळगावातच ठेवण्यात आले, यावरून आमचा प्रश्न किती जुना आणि किती मान्य आहे हे दिसते. परंतु अहवाल सभापटलावर ठेवणे वेगळे आणि तो उघडून वाचणे वेगळे. पटलावर ठेवलेल्या कागदावर चर्चा मागितली नाही, तर पटल म्हणजे केवळ टेबल उरते.

या साऱ्याचा एका मुलीच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, ते पाहू. खानापूर तालुक्यातील, अनुसूचित जातीच्या, शेतमजुरी करणाऱ्या घरातील एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. दहावीपर्यंत ती कर्नाटक मंडळाच्या मराठी माध्यमात शिकली. पुढे पदवीला राज्याने २०२१ मध्ये कन्नड सक्तीचे केले. त्या सक्तीविरुद्ध उच्च न्यायालयात जावे लागले आणि अंतरिम आदेशाने ती थोपली. कन्नड शिकण्यास आमचा विरोध नाही. शेजाऱ्याची भाषा येणे हे धन आहे. पण पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलीवर ती परीक्षेच्या गुणांच्या रूपाने लादली जाते, तेव्हा तिचा फटका गरिबालाच बसतो. ज्याला शिकवणी परवडते तो निभावून नेतो. समजा, ती मुलगी कोल्हापूरला गेली. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत विवादित सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांचा वेगळा प्रवर्ग आहे. तिथे प्रवेशाची वाट आहे, पण पैशाची? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायमचा रहिवासी आहे ते राज्य देते. कॉलेज महाराष्ट्रात आणि फाइल कर्नाटकात. खर्चाचा ६० टक्के भार केंद्राचा आहे, पण राज्याने आपला ४० टक्के हिस्सा दिल्याखेरीज केंद्राचा हिस्सा सुटत नाही. कुठे एक कागद अडला तर इकडचे कार्यालय तिकडे आणि तिकडचे इकडे बोट दाखवू शकते. दोन राज्यांच्या मध्ये अडकलेल्या या मुलीचे गाऱ्हाणे ज्याला दोन्ही बाजू दिसतात असे एकच व्यासपीठ देशात आहे. ते संसद.

दिल्लीच्या नव्या योजनांकडे पाहिले तर त्यांचा कल अनुदानाकडून कर्जाकडे झुकलेला दिसतो. २०१७ मध्ये उच्च शिक्षण वित्त संस्था स्थापून केंद्रीय संस्थांना इमारती-उपकरणांसाठी कर्ज देण्याची पद्धत आणली गेली. मुद्दलाचा काही भाग संस्थेने आपल्या उत्पन्नातून फेडायचा आणि संस्थेच्या उत्पन्नात विद्यार्थ्यांचे शुल्क आलेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना विद्यार्थ्याला कर्ज सुलभ करते, पण मंजुरीच्या वेळी ती निवडक ८६० संस्थांपुरती होती. सीमेवरच्या तालुक्यातील अनुदानित कला महाविद्यालय त्या यादीत सापडणे कठीण. राज्यांच्या विद्यापीठांसाठी ‘प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान’ आहे आणि त्यासाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांकरिता सुमारे १२,९२६ कोटी रुपये ठरवले गेले. निती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार देशातील ८१ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांतून शिकतात. गरिबांची मुले तिथेच आहेत आणि भाषिक अल्पसंख्याकांचीही तिथेच आहेत. त्या पैशातून अल्पसंख्य भाषांच्या विभागांना काय मिळाले, हा साधा प्रश्न विचारण्याची सोय असली पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो आनंद आम्हीही साजरा केला. पण त्या दर्जाबरोबर येणारे लाभ कोणते? पुरस्कार, अध्ययनाचे उत्कृष्टता केंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांतून अध्यासने. गोव्याचे विद्यापीठ राज्याचे, राणी चन्नम्मा विद्यापीठ राज्याचे, देवी अहिल्या आणि जिवाजी विद्यापीठे राज्याची, महाराजा सयाजीराव विद्यापीठ राज्याचे, उस्मानियाही राज्याचे. जिथे मराठी भाषक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तिथली ही विद्यापीठे अध्यासनांच्या त्या तरतुदीबाहेर राहतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचे केंद्र जुलै २०२५ मध्ये सुरू झाले, पण त्यासाठीही महाराष्ट्र शासनाला आपली तिजोरी उघडावी लागली.

कारभाराचा प्रश्नही पैशाला जोडूनच आहे. गुजरातने २०२३ मध्ये एकच कायदा करून ११ सार्वजनिक विद्यापीठे त्याखाली आणली; बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्यांत आहे. निवडून येणारी अधिसभा आणि कार्यकारिणी जाऊन व्यवस्थापन मंडळे आली. अधिसभेत निवडून आलेला एखादा सदस्य उभा राहून ‘मराठी विभागातील जागा का भरली नाही?’ असे विचारू शकत होता. ते व्यासपीठच उठले. जिथे खाली विचारणारा उरत नाही, तिथे वर विचारणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

आमच्यावर तीन आक्षेप घेतले जातील. एक, यामुळे विद्यापीठांची स्वायत्तता जाईल. आकडे मागितल्याने स्वायत्तता जात नाही. अभ्यासक्रम काय शिकवावा किंवा कोणाला नेमावे, हे संसदेने सांगावे असे आम्ही कुठेही म्हटलेले नाही. दोन, यामुळे राज्यांच्या अधिकारावर गदा येईल. केंद्राचा पैसा जिथे जातो तिथे केंद्राने हिशेब मागणे ही गदा नव्हे, ते संसदेचे कर्तव्यच आहे. तीन, हा मराठीचा संकुचित आग्रह आहे. यावर आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर येथील कन्नड भाषक मुलांना महाराष्ट्रात हेच सारे मिळाले पाहिजे. मातृभाषेचा रकाना सर्वांसाठी असेल तरच तो रकाना, नाहीतर ती केवळ आमची पावती होईल.

तेव्हा मागण्या अशा. उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विद्यार्थ्याची मातृभाषा आणि शालेय माध्यम यांची नोंद व्हावी. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालात उच्च शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण असावे आणि त्या अहवालावर सभागृहात वेळ राखून चर्चा व्हावी. १९९२ आणि २००४ च्या कायद्यांतील ‘अल्पसंख्याक’ या शब्दाची व्याख्या ३० व्या अनुच्छेदाशी जुळवून घ्यावी. १९५६ च्या ज्ञापनातील राज्याबाहेरील संलग्नतेच्या तरतुदीची स्थायी समितीने फेरतपासणी करावी. दुसऱ्या राज्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा हिस्सा राज्याच्या हिश्शासाठी अडवून ठेवू नये. यांपैकी एकाही मागणीसाठी घटना बदलावी लागत नाही.

आता वाचकांना एक विनंती. तुम्ही गोव्यात असा, ग्वाल्हेरला असा, हैदराबादेत असा किंवा बेळगावात. तुमच्या मतदारसंघाला एक खासदार आहे. तो कोणत्या पक्षाचा आहे आणि त्याची मातृभाषा कोणती, याने इथे काही बिघडत नाही. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत असावा, सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी आणि विषय केंद्राच्या अखत्यारीतला असावा, एवढीच अट आहे. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न स्वीकारले जातात. त्यांतला एक आमचा असू नये, असे काही नाही. खासदाराकडे जाताना हा मसुदा हाती असू द्या:

‘शिक्षणमंत्री कृपया सांगतील काय: (१) उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विद्यार्थ्यांची मातृभाषा व शालेय माध्यम यांची नोंद होते काय, (२) होत नसल्यास त्याची कारणे काय आणि ती करण्याचा सरकारचा विचार आहे काय, (३) गेल्या पाच वर्षांत राज्यांच्या विद्यापीठांतील त्या त्या राज्यात अल्पसंख्य असलेल्या भाषांच्या विभागांना केंद्रीय योजनांतून मिळालेल्या निधीचा राज्यवार तपशील काय, आणि (४) राज्याबाहेरील विद्यापीठाशी संलग्नतेसंबंधी १९५६ च्या ज्ञापनातील तरतुदीची आजची स्थिती काय?’

हा प्रश्न एका खासदाराने विचारला तर उत्तर ‘माहिती संकलित केली जात आहे’ असे येईल. पाच राज्यांतील पाच खासदारांनी एकाच अधिवेशनात विचारला, तर ती माहिती खरोखरच संकलित करावी लागेल. खानापूरच्या त्या मुलीची फी त्या दिवशी भरली जाणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ती आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा देशाच्या कागदावर येईल आणि कागदावर आलेल्या माणसाला ‘तुम्ही राज्याचा विषय आहात’ असे सांगून परत पाठवणे तितके सोपे राहणार नाही.